आंद्रे रॉबरसनला नक्की किती भाव द्यायचा?

नॉर्मनचा_निन्या | २६ एप्रिल २०१७

काल ह्यूस्टनमध्ये रॉकेट्सकडून हरून आमच्या थंडरचा, म्हणजे ओक्लाहोमा सिटीच्या बास्केटबॉल संघाचा, एनबीएचा हंगाम आटोपला. ४-१. आमच्या वेस्टब्रुकनं वर्षभर ट्रिपल डबलची, म्हणजे तीन आकड्यांत दहाच्या वर, सरासरी राखली (३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट), आणि पदरात काय पडलं तर पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळणं. दुसरा स्टार ड्युरांट संघ सोडून गेल्यावर फार वेगळं काही होणार नव्हतं, मान्य. पण हा धागा वेस्टब्रुकचा नाही, आमच्या बचावपटू आंद्रे रॉबरसनचा आहे.

मालिकेत त्यानं २१ फ्री थ्रो (फाउलबद्दल रेषेवरून, कोणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट) मारले, आत गेले ३. त्यातले १२ एकट्या चौथ्या सामन्यातले, आत गेले २. तो सामना थंडर ११३-१०९ असा हरले. वजाबाकी तुम्हीच करा.

मी त्या दिवशी हॉलमध्ये होतो, पार वर, कबुतरांच्या शेजारी म्हणतात तशा जागेवर. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) इथे प्रत्येक खुर्चीवर फुकटचा टी-शर्ट ठेवलेला असतो, तो चढवून सगळे घसा फोडत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये रॉकेट्सनी बॉल एकीकडे असताना दुसरीकडे रॉबरसनला मुद्दाम फाउल करून धरायला सुरुवात केली. शिट्टी, रॉबरसन रेषेवर, आणि हॉलमधला आवाज कोणीतरी नळ बंद करावा तसा बंद. पुढच्या रांगेतले एक आजोबा त्याच्या हातात बॉल आला की मान वर करून फक्त स्कोअरबोर्ड बघायचे. आकडा हलला नाही की पुटपुटायचे.

आता हाच माणूस मालिकाभर रॉकेट्सच्या स्टार जेम्स हार्डनच्या अंगाला अंग लावून फिरला. तो बाकावर गेला की हार्डन मोकाट. आणि या उन्हाळ्यात त्याचा करार संपतोय. रिस्ट्रिक्टेड आहे, म्हणजे दुसऱ्यानं दिलेली ऑफर थंडरना तेवढ्याच पैशात स्वीकारून त्याला ठेवता येईल. ठेवावा का? आणि किती मोजून?

शुगरलँडकर | २६ एप्रिल २०१७

निनादराव, रॉकेट्सच्या वतीनं अभिनंदनाचा स्वीकार करतो. :)

तुमच्या रॉबरसनला आमच्याकडून एक पुष्पगुच्छ तर आहेच, पण सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडू नका. चौथ्या सामन्यात आमच्या नेनेनं १२ पैकी १२ बास्केट टाकून २८ गुण काढले. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यांचा, आणि एकही शॉट वाया नाही. तेव्हा तुमचे उंच लोक कुठे होते? आणि वेस्टब्रुक दम खायला बसला की तुमची आघाडी उन्हातल्या बर्फासारखी जात होती, तिथे रॉबरसनचा काय संबंध? सामन्यानंतर पत्रकारानं तुमच्या ॲडम्सला नेमका हाच प्रश्न विचारला तर वेस्टब्रुकनं मध्येच तोंड घालून उत्तर देऊ दिलं नाही. यातच सगळं आलं.

अवांतर: आमच्याकडे ओनुआकू म्हणून एक नवखा पोरगा आहे, तो फ्री थ्रो खालून दोन्ही हातांनी टाकतो, जुन्या काळच्या रिक बॅरीसारखा. बॅरीनं असंच टाकून जवळपास ९० टक्के काढले होते. लोक हसतात म्हणून कोणी तसं टाकत नाही. १२ पैकी २ ला लोक काय करतात म्हणे?

आकडेमोड्या | २६ एप्रिल २०१७

मुद्दाम फाउल करणं कधी परवडतं याचा साधा हिशेब मांडतो. चांगला हल्ला असलेला संघ एका पझेशनला (बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतच्या एका खेपेला) सरासरी एक गुणाहून थोडं जास्त काढतो. जुना सेंटर शकिल ओनीलची कारकिर्दीतली टक्केवारी ५२.७, म्हणजे दोन फ्री थ्रोमागे १.०५ गुण. त्याला धरणं जवळजवळ बरोबरीचा सौदा होता. त्यात खेळ थांबतो, तुमच्या बचावाला जागेवर यायला वेळ मिळतो, एवढाच नफा.

रॉबरसन या हंगामात ४२.३ टक्के. दोन फ्री थ्रोमागे ०.८५ च्या आसपास. हा धरणाऱ्याला उघड फायदा. आणि या मालिकेतल्या १४ टक्क्यांवर तर ०.२९. असा माणूस समोर असेल तर त्याला न धरणारा कोच बदलायला हवा. मजा म्हणजे याच मालिकेत त्याची थ्रीची (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची) टक्केवारी फ्री थ्रोपेक्षा बरी होती. पंधरा फुटांवरून कोणी अडवत नसताना जात नाही, आणि थ्रीच्या लांबच्या रेषेवरून जातो.

पण खरी किंमत या गुणांत नाही. नियमानुसार क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून दूर फाउल केला तर एक फ्री थ्रो मिळतो आणि वर बॉलही परत मिळतो. म्हणजे धरपकडीची खिडकी त्याआधीची. त्या चार-पाच मिनिटांत कोचपुढे दोनच पर्याय: त्याला ठेवून फ्री थ्रो सोसा, नाहीतर त्याला बसवून हार्डन सोसा. दोन्हीकडून मार. बॉक्स स्कोअरमध्ये ‘२/१२’ दिसतं, हा दुसरा मार दिसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | २७ एप्रिल २०१७

अबे काय लावलं बे हे. आमच्या धरमपेठेतल्या ग्राउंडवर मी चप्पल घालून टाकले तरी दहातले चार-पाच जातेत. त्याले त्याचेच पैसे भेटतेत न? मग टाक न बापा. बाकी ज्ञान नंतर पाजा.

नागपाडा_नंबर_७ | २७ एप्रिल २०१७

ठेचा, चप्पल घालून टाकणं आणि अठरा हजार लोक श्वास रोखून बघताना टाकणं, यात फरक आहे. नागपाड्याला वायएमसीएच्या कोर्टावर खेळलेल्या कोणालाही विचारा. बाहेर उभे असलेले शेरे मारणारे लोक तुमच्या शेवटच्या चुकलेल्या फ्री थ्रोवरून तुम्हाला वर्षभर हाक मारतात. एकदा ते डोक्यात बसलं की हात आपोआप आखडतो. आदल्या हंगामात हाच माणूस साठ टक्क्यांच्या आसपास होता. हात तोच, रिंगही तीच. मग एका वर्षात काय बदललं?

मला त्याच्या बचावाबद्दल लिहायचंय, कारण टीव्हीवर बॉल बघणाऱ्यांना ते दिसतच नाही. हार्डनचं अर्धं दुकान फाउलवर चालतं. तो बॉल पुढे करतो, तुम्ही हात घातलात की तो त्यात आपला हात अडकवून वर उचलतो, शिट्टी. म्हणून त्याच्यासमोर हात आवरून, पाय हलवून, छातीनं वाट अडवावी लागते. हे म्हणायला सोपं आहे. शरीराचा सगळा धर्म सांगत असतो की हात घाल. रॉबरसन तो हात घालत नाही. स्क्रीन (हार्डनच्या सहकाऱ्यानं वाटेत उभं राहून केलेली आडकाठी) लागली तर तिच्याखालून सोपा रस्ता न घेता वरून घासत जातो, एक पाऊल मागे पडतो, आणि मग त्या लांब हातांनी मागून शॉट गाठतो. हार्डनला वाटतं सुटलो, तेवढ्यात पाठीमागून पंजा. हे रात्रभर, दर खेपेला. यासाठी फुप्फुसं लागतात आणि त्याहून जास्त म्हणजे कंटाळा न येण्याचा स्वभाव लागतो.

पहाटेचा_पाहुणा | २७ एप्रिल २०१७

नागपाडासाहेब, सुरेख लिहिलंत. मला हा धोनीच्या आधीच्या यष्टिरक्षकांसारखा प्रकार वाटतो. उत्तम कीपर, बॅटिंग शून्य, तरी संघात हवाच. अकराव्या नंबरला पाठवा, विषय संपला. आपण कीपरला धावा विचारायला लागलो हीच चूक. रॉबरसनला गुण विचारू नका.

मृण्मयी_डी | २७ एप्रिल २०१७

पाहुणे, ही उपमा गोड आहे पण लंगडी आहे. अकरा नंबरचा कीपर शून्यावर बाद झाला तरी तेंडुलकरच्या धावा कमी होत नाहीत. बास्केटबॉलमध्ये होतात. रॉबरसन कोपऱ्यात उभा असतो आणि त्याच्यावरचा माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो सरळ रिंगखाली जाऊन उभा राहतो. वेस्टब्रुक पूर्ण वेगानं आत घुसतो तेव्हा एकाऐवजी दोन-तीन जण स्वागताला. मग वेस्टब्रुकचा शॉट चुकतो, आकडा वेस्टब्रुकच्या नावावर लागतो, आणि आपण म्हणतो हा फार शॉट मारतो. थंडरचे सामने आवाज बंद करून बघा आणि बॉलकडे न बघता रॉबरसनच्या माणसाकडे बघा. एका क्वार्टरमध्ये कळेल.

वर, समोरच्या संघाला आपला सगळ्यात कच्चा किंवा सगळ्यात दमलेला बचावपटू लपवायला हक्काची जागा मिळते. म्हणजे रॉबरसन ज्याला एका टोकाला दमवतो, त्याला दुसऱ्या टोकाला विश्रांतीही तोच देतो.

नॉर्मनचा_निन्या | २७ एप्रिल २०१७

मृण्मयीताई, हे पटण्यासारखं आहे, पण मागचं वर्ष विसरू नका. २०१६ ची वेस्टर्न कॉन्फरन्सची फायनल, समोर ७३ सामने जिंकलेले वॉरियर्स. तेही रॉबरसनला मोकळा सोडून पेंटमध्ये, म्हणजे रिंगखाली, गर्दी करत होते. आमचे कोच डोनोव्हननं काय केलं? त्याला कोपऱ्यात पुतळ्यासारखा उभा न करता सेंटरसारखं (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसारखं) वापरलं. स्क्रीन लाव, रिंगकडे पळ, मागच्या रेषेवरून कट मार. चौथ्या सामन्यात १७ गुण, १२ रिबाउंड, ५ स्टील. थंडर ३-१ पुढे. ज्यानं मोकळा सोडला त्यालाच चटका.

मृण्मयी_डी | २७ एप्रिल २०१७

आणि पुढे काय झालं तेही लिहा की. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसननं ११ थ्री मारले, सातवा वॉरियर्सनी घेतला, ३-१ चं ३-४ झालं. तेव्हा शेजारी ड्युरांट होता, म्हणून एक न मारणारा माणूस खपून जायचा. आता ड्युरांट नाही. रॉबरसन तोच आहे, पण तो परवडण्याची ऐपत गेली.

शुगरलँडकर | २८ एप्रिल २०१७

‘परवडण्याची ऐपत गेली’ यावर धागा बंद करायला हरकत नाही. आम्ही स्पर्सच्या तयारीला लागतो.

---

नॉर्मनचा_निन्या | जुलै २०१७

धागा वर आणतोय. रॉबरसन राहिला! ३ वर्षं, ३ कोटी डॉलर. मधल्या काळात त्याला ऑल-डिफेन्सिव्हच्या (लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या) दुसऱ्या संघातही घेतलं. आणि पॉल जॉर्ज आलाय, ओलाडिपो आणि सबोनिस देऊन.

वऱ्हाडी_ठेचा | जुलै २०१७

३ कोटी डॉलर?? फ्री थ्रो न टाकल्याचे? मी तर चौथीपासून टाकून नाही राह्यलो, मले कोनी एक रुपया नाही देल्ला.

आकडेमोड्या | जुलै २०१७

ठेचा, रुपयांत बघू नका, टोपीत बघा. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) यंदा ९.९ कोटी डॉलरच्या आसपास. वर्षाला सरासरी १ कोटी म्हणजे संघाच्या कॅपचा दहावा हिस्सा. गेल्या उन्हाळ्यात टीव्हीचा नवा करार लागू झाला, कॅप एकदम फुगली, आणि बाकावर बसणाऱ्यांनाही लोकांनी डोळे झाकून पैसे वाटले. त्या बाजारात ऑल-डिफेन्सिव्ह विंग या भावात म्हणजे महाग नाही. अट एकच, बाकीच्या चारांनी बाहेरून मारायला हवं. पॉल जॉर्ज मारतो. अजून एक मारणारा हवा.

मृण्मयी_डी | जुलै २०१७

म्हणजे दहा टक्के त्याला, आणि त्याची उणीव झाकायला अजून कुणाला तरी पैसे. ते दुसरे पैसे याच्याच खात्यात धरा.

नागपाडा_नंबर_७ | जुलै २०१७

ते न्यायानं धरायचं तर वेस्टब्रुकच्या बचावातल्या डुलक्या झाकण्याचे पैसे वेस्टब्रुकच्या खात्यात धरा. तेही रॉबरसनच झाकतो. स्टारला सूट आणि रोल प्लेअरला ऑडिट, असा हिशेब नको.

शुगरलँडकर | जुलै २०१७

स्टार ३१ गुण काढतो साहेब. सूट त्याचीच आहे. आणि तुम्ही पॉल जॉर्ज घेतलात तर आम्ही क्रिस पॉल. भेटूच.

---

पहाटेचा_पाहुणा | २८ जानेवारी २०१८

सकाळी उठून डेट्रॉइटचा सामना लावला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रॉबरसन लॉबवर (रिंगजवळ उंच टाकलेल्या पासवर) उडी मारायला गेला आणि उडीच झाली नाही. डावा पाय खालून निघून गेल्यासारखा दिसला. धक्का नाही, टक्कर नाही. स्ट्रेचरवरून नेला. गुडघ्याच्या वाटीचं पटेला टेंडन फाटलंय म्हणतात, म्हणजे हंगाम संपला. मी क्लिप पुन्हा लावली नाही, तुम्हीही लावू नका.

नॉर्मनचा_निन्या | २८ जानेवारी २०१८

सलग आठवा विजय होता. ८-१२ अशी सुरुवात करून संघ ३०-२० वर आला होता. वेस्टब्रुक, जॉर्ज, कार्मेलो या तिघांच्या बातम्या होत होत्या, पण बचाव लीगच्या वरच्या काही संघांत होता तो या माणसामुळे. इथे दिवसभर रेडिओवर तोच विषय. गेल्या एप्रिलमध्ये ज्यांनी त्याला हाकला म्हणून फोन केले होते, तेच आज ‘आता पुढे कसं’ विचारत होते.

मृण्मयी_डी | २८ जानेवारी २०१८

वाईट वाटलं. लवकर बरा होवो. खेळाचं नंतर बोलू.

आकडेमोड्या | २९ एप्रिल २०१८

खेळाचं बोलायची वेळ आली. थंडर ४८-३४ वर थांबले. म्हणजे रॉबरसन पडेपर्यंत ३०-२०, पडल्यावर १८-१४. बचाव वरच्या रांगेतून मधल्या रांगेत घसरला. त्याच्या जागी आधी कोवळा टेरन्स फर्ग्युसन, मग ह्युस्टिस, मग मार्चमध्ये आणलेला कोरी ब्रूअर. पहिल्या फेरीत युटाकडून ४-२, आणि शेवटच्या सामन्यात डॉनोव्हन मिचेल या नवख्या पोरानं ३८ ठोकले. हातात बॉल घेऊन खेळणारा गार्ड अडवणं हेच काम ज्याचं, तो बाकामागे सुटाबुटात बसलेला.

जीवशास्त्रात एक अवयव काढून प्राणी कसा जगतो ते बघतात, तसा प्रयोग आयताच झाला. पण प्रयोग स्वच्छ नाही. ३०-२० मध्ये सुरुवातीची पडझड आहे, तेव्हा रॉबरसन होता. नंतरच्या ३२ सामन्यांत कार्मेलो अजून हळू झाला, प्रतिस्पर्धी वेगळे. बत्तीस सामने म्हणजे फार नाही. तरी बचावाचा आलेख ज्या आठवड्यात मोडतो, तो आठवडा योगायोगाचा वाटत नाही.

मृण्मयी_डी | २९ एप्रिल २०१८

बचाव मोडला हे खरं. पण या हंगामात त्याचे फ्री थ्रो बघा, ३८ पैकी १२. टक्केवारी सोडा, ३८ हा आकडा बघा. सुरुवातीच्या पाचात खेळणारा माणूस, इतके सामने, आणि रेषेवर गेला तो एवढाच. कारण तो रिंगकडे जाणंच टाळत होता. फाउल होईल आणि टाकावे लागतील म्हणून. मोकळा कट असताना बॉल परत बाहेर देतो, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ह्यूस्टनच्या त्या मालिकेनं त्याची जी एक गोष्ट २०१६ मध्ये चालत होती, आत घुसणं, तीच काढून घेतली. म्हणून मी म्हणते, उणीव टक्केवारीपुरती राहत नाही, ती अख्ख्या खेळात झिरपते.

नागपाडा_नंबर_७ | ३० एप्रिल २०१८

या एका मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रेषेची भीती बसलेला खेळाडू मीही जवळून पाहिलाय. सरावात शंभरातले सत्तर टाकायचा. सामन्यात बॉल मिळाला की आधी डोळ्यांनी पास शोधायचा. त्याला आम्ही हजार उपाय सांगितले. श्वास मोज, रिंगची मागची कडी बघ, टप्पे तीनच मार. उपाय सांगणारे जितके वाढले तितका तो बिघडत गेला. शेवटी कोचनं सगळ्यांना दम दिला की याच्याशी फ्री थ्रोबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही. त्यानं थोडा सुधारला. अठरा हजारांना कोण दम देणार?

शुगरलँडकर | ३० एप्रिल २०१८

आम्ही दुसऱ्या फेरीत युटाशीच खेळतोय. मिचेलला अडवायला कोणी असेल तर उधार द्या.

वऱ्हाडी_ठेचा | ३० एप्रिल २०१८

शुगरलँडकर भाऊ, जास्त नका बोलू. तुमच्या हार्डनले अडवनारा घरी बसला म्हनून उड्या मारून राह्यले तुम्ही.

---

पहाटेचा_पाहुणा | २८ जुलै २०२०

लोक हो, धागा वर! डिस्नेच्या बबलमध्ये (कोविडमुळे बंद केलेल्या आवारात) रॉबरसन खेळला!! अडीच वर्षांनी. मधे गुडघ्यानं पुन्हा दगा दिला, २०१८-१९ पूर्ण गेलं, आपण तर त्याला विसरूनच गेलो होतो. सिक्सर्सविरुद्धच्या सराव सामन्यात शेवटच्या मिनिटात दोन थ्री. रॉबरसननं. थ्री. बाकावरचे सगळे वेडे होऊन नाचत होते. प्रेक्षक नाहीत, सामना मोजलाही जाणार नाही, आणि मी इथे पहाटे एकटाच ओरडलो म्हणून घरच्यांनी दिवे लावले.

नागपाडा_नंबर_७ | २८ जुलै २०२०

प्रेक्षक नाहीत हा शब्द अधोरेखित करा.

मृण्मयी_डी | २८ जुलै २०२०

मीही पाहिलं. छान वाटलं. पण थंडरना आता रॉबरसनची जागा भरणारा मिळालाय, लू डोर्ट. ड्राफ्टमध्ये (नवखे खेळाडू वाटून घेतात त्या निवडीत) कोणी घेतलाच नव्हता याला. तसाच दणकट बचाव, हार्डनवर सोडायला तयार. आणि तसाच बाहेरून कच्चा. म्हणजे तोच धागा, नवं नाव.

शुगरलँडकर | ३ सप्टेंबर २०२०

मृण्मयीताई, तुमच्या ‘बाहेरून कच्च्या’ डोर्टनं काल सातव्या सामन्यात आम्हाला ३० गुण मारले, त्यात ६ थ्री. आम्ही मालिकाभर त्याला मोकळा सोडत होतो. १०४-१०२ नं वाचलो, तेही शेवटी हार्डननं याच डोर्टचा शॉट ब्लॉक केला म्हणून. होय, हार्डननं, ब्लॉक. माझी छाती अजून धडधडतेय.

आकडेमोड्या | ३ सप्टेंबर २०२०

डोर्ट आणि रॉबरसनमधला फरक टक्क्यांत नंतर मोजू. आजचा फरक एवढाच की डोर्टला मोकळा सोडला तर तो मारतो. चुकला तरी पुढचा मारतो. बचाव करणाऱ्याला निदान मान वळवून बघावं लागतं.

---

नॉर्मनचा_निन्या | २४ जून २०२५

थंडर चॅम्पियन! फायनलच्या सातव्या सामन्यात इंडियानाला १०३-९१ असं हरवलं. मी आता नॉर्मनला नाही, डॅलसला आहे, पण त्या रात्री गाडी काढून गेलोच. जुने लोक आहेत का इथे?

हा धागा आठवला कारण हॉलबाहेरच्या गर्दीत एकानं २१ नंबरचा रॉबरसनचा शर्ट घातला होता. धुवून धुवून रंग गेलेला. लोक थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढत होते.

मृण्मयी_डी | २४ जून २०२५

आहे की! अभिनंदन.

थंडरचा कारभारी (जनरल मॅनेजर) प्रेस्टीनं या वेळी धडा गिरवला. मागच्या वर्षी डॅलसनं जॉश गिडीला मोकळा सोडला, थंडरचा हल्ला अडला, गिडीला सुरुवातीच्या पाचातून काढावं लागलं. एकवीस वर्षांचा, पासिंग जबरदस्त, सहाव्या नंबरचा ड्राफ्ट पिक. तरी उन्हाळ्यात शिकागोला देऊन बदल्यात ॲलेक्स कारूसो आणला. ड्राफ्ट पिकसुद्धा वर मागितला नाही. २०१७ ची थंडर गिडीला अजून दोन वर्षं जपत बसली असती.

नागपाडा_नंबर_७ | २५ जून २०२५

गंमत बघा, २०१६-१७ मध्ये, म्हणजे हा धागा निघाला त्याच हंगामात, कारूसो थंडरच्याच छोट्या संघात, ब्लूमध्ये खेळत होता. वरचा संघ हार्डनपुढे माणूस शोधत होता आणि हा त्याच गावात. यंदा डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात त्याला योकिचवर सोडला. सहा फूट पाच इंचांचा माणूस, समोर सात फुटी डोंगर, आणि तो पुढून वळसा घालून पासच येऊ देत नव्हता. थंडर ३२ गुणांनी जिंकले.

पण याच संघात डोर्ट ऑल-डिफेन्सिव्हच्या पहिल्या संघात आला हे विसरू नका. तो सुधारला कारण त्याला चुकायला पाच वर्षं दिली. मधली दोन-तीन वर्षं संघ मुद्दाम तळाला होता, कोणी हिशेब विचारत नव्हतं. आज त्याची थ्रीची टक्केवारी चाळीसच्या वर आहे. रॉबरसनला असं एक वर्ष तरी मिळालं का? त्याचा प्रत्येक चुकलेला शॉट प्लेऑफमधला होता.

मृण्मयी_डी | २५ जून २०२५

नागपाडा, रॉबरसन २०१३ ला आला, २०१८ ला पडला. पाच हंगाम त्यालाही मिळाले. डोर्ट पहिल्या वर्षापासून मारत होता आणि चुकत होता. रॉबरसन मारायचंच थांबला. हे दोन वेगळे आजार आहेत.

आकडेमोड्या | २५ जून २०२५

जुन्या प्रश्नाला ताजा भाव लावून देतो. रॉबरसन: वर्षाला सरासरी १ कोटी, तेव्हाच्या कॅपच्या साधारण १० टक्के. कारूसोचा नवा करार: ४ वर्षं, ८.१ कोटी. म्हणजे वर्षाला सरासरी २ कोटींच्या वर, येत्या हंगामाच्या कॅपच्या साधारण १३ टक्के. दोघंही बचावासाठीच घेतलेले. कारूसोचं वय तिशीपार, रॉबरसन तेव्हा पंचविशीचा. वयाची सूट धरली तर फरक तीन टक्क्यांहून मोठा निघतो. बाजार हा फरक कशाचा देतो? माझ्या मते बहुतेक सगळा त्या मोकळ्या थ्रीचा.

शुगरलँडकर | २५ जून २०२५

आणि फ्री थ्रोचा. माझा पुष्पगुच्छ अजून तयार आहे. बाकी फायनल्स एमव्हीपी (फायनलचा सर्वोत्तम खेळाडू) शे हा पॉल जॉर्ज विकून आलेला, म्हणजे तुमच्या कारभाऱ्याला विकायची कला आधीपासूनच येत होती. गिडीबद्दल मात्र मृण्मयीताई घाई करतायत. शिकागोत त्यानं हंगामाच्या शेवटी काय धुमाकूळ घातला तो पाहिलात का? दोन वर्षांनी याच धाग्यावर बोलू.

वऱ्हाडी_ठेचा | २५ जून २०२५

गिडीचा धागा येगळा काढा बे. हा रॉबरसनचा आहे. आन् निन्या, त्या शर्टवाल्याचा फोटो काढला का नाही? काढला असन तर टाक लवकर.